आधी ब्रेक, मग रंग

अग्रद
४ सप्टेंबर १९७७

ती. बस्सूमामांस,
इत्तोचे सलाम वि. वि.

तुमचं पत्र आणि आईसाठी पाठवलेला गरम कोट पोचला. कोट तिने अंगावर घालून पाहिला, घडी केला आणि पेटीत ठेवला. थंडीत घालीन म्हणते. गेल्या वर्षीचाही अजून पेटीतच आहे.

आता खरी बातमी. आपल्या दारात ट्रक उभा आहे! सहाही चाकं जोर लावतात असा, हिरवा, लष्करी, डिझेलवरचा. हद्दूदादाने सैन्याच्या लिलावात घेतला. त्यासाठी दोन्ही खेचरं विकली आणि आईचं चांदीचं कडं गेलं. आई तीन दिवस ट्रककडे पाठ करून बसत होती. काल मात्र कोंबड्या त्याच्याखाली सावलीला गेल्या तेव्हा म्हणाली, की चला, कुणाच्या तरी उपयोगाला आला.

दादा सगळ्यांना सांगत सुटला आहे की ट्रक अठरा वर्षांचा असला तरी चाललाय फक्त नऊ हजार किलोमीटर. बाकी सगळा काळ छपराखाली उभा. म्हणजे नवाच, असं त्याचं म्हणणं. आणि मामा, त्याने शब्दही देऊन टाकला आहे. मोहा औ-अलींच्या मुलीचं, फादमाचं लग्न २१ ऑक्टोबरच्या शुक्रवारी आहे. मुलगा खिंडीपलीकडचा. आजवर आपल्याकडची प्रत्येक नवरी खेचरावरून खिंड ओलांडून गेली, फादमा ट्रकमधून जाणार. तिच्याबरोबर चौतीस माणसं. दादा म्हणतो, ज्याच्या गाडीतून नवरी गेली त्याच्याच गाडीतून पुढे खोऱ्यातले अक्रोड आणि लोकर जाणार. खेचरं विकल्यावर आता हाच एक रस्ता आहे, हे तो बोलून दाखवत नाही, पण मला कळतं.

तुम्ही नऊ वर्षं सैन्याच्या गॅरेजात काढलीत. तेव्हा दादा विचारतो की सगळ्यात आधी काय करायचं. त्याच्या मनात आधी रंग आहे. खाली लाल, वर निळा.

माझं म्हणाल तर मी आता अकरा घरांची पत्रं वाचते आणि लिहिते. लोक मला अक्रोड देतात, कधी अंडी. मास्तरांपेक्षा माझं बरं चाललं आहे.

आईचे आशीर्वाद म्हणू की तक्रारी, दोन्ही पाठवते. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची
इत्तो


लांस
१५ सप्टेंबर १९७७

चि. इत्तो हिस,
अनेक आशीर्वाद.

आईला सांग, या वर्षी कोट घातला नाही तर पुढच्या वर्षी रिकामी पेटी पाठवीन, तिचं तिला बरं.

हद्दूचा ट्रक ऐकून आमच्या खोलीतल्या सहाही जणांनी चहा केला. इथे परदेशात कोळशाच्या खाणीतून वर आल्यावर माणसाला घरच्या दारातल्या ट्रकची बातमी किती गोड लागते ते तुला नाही कळायचं. पण आता हे पुढचं हद्दूला सावकाश वाचून दाखव, आणि तो मध्येच उठायला लागला तर खाली बसव.

नऊ हजार किलोमीटर हे ऐकून तो खूश झाला आणि मी घाबरलो. चाललेला ट्रक आपलं दुखणं रस्त्यावर बोलून दाखवतो. उभा राहिलेला ट्रक आतल्या आत कुजतो आणि बाहेरून तुकतुकीत दिसतो. रबर वाळतं, तेलात पाणी शिरतं, टाकीच्या तळाला गंज बसतो. नऊ वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पोराला आधी इंजिनच सुरू करून पाहायचं असे. आमचा हवालदार त्यांच्या हातावर मारायचा. त्याचा नियम होता की गाडी थांबते हे कळल्याशिवाय ती चालते का हे पाहायचं नाही.

तेव्हा आधी ब्रेक. चाकांच्या मागेपुढे दगड लावा. प्रत्येक चाकापाशी जाणारी रबरी नळी हाताने वाकवून पाहा, तडा दिसला तर ती फेकायची. ब्रेकचं जुनं तेल सगळं काढून नवं भरा. तेल म्हणजे ब्रेकचंच, डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते तू वाच. दुसरं कुठलंही तेल त्यात गेलं की आतलं रबर फुगतं आणि सडतं. हवेच्या टाकीखालची चावी रोज उघडून पाणी सोडून द्यायचं, कारण हवेच्या जोरावरच ब्रेक दाबणाऱ्या पायाला बळ मिळतं. हँडब्रेक उतारावर लावून बघा, सपाटीवर तर दगडसुद्धा उभा राहतो.

त्यानंतर टायर. नक्षी शाबूत आहे म्हणून फसू नका, कडांना भेगा आहेत का ते पाहा. मग स्टिअरिंगचे सांधे. मग डिझेलची टाकी रिकामी करून धुणं, फिल्टर, इंजिनचं तेल. रंग सगळ्यांत शेवटी. खरं तर रंग नाहीच, पण हद्दू माझं एवढं कुठे ऐकणार.

तू त्याच्याबरोबर ट्रकखाली शिर. डोळे तुझे चांगले आहेत. मेकॅनिकबाई म्हणून मी आतापासूनच हाक मारतो.

इथे बरं आहे. खोकला आहे, पण तो सगळ्यांनाच आहे. सर्वांवर माया ठेवतो आणि तुमचीही मागतो.

तुझा
बस्सूमामा


अग्रद
२७ सप्टेंबर १९७७

ती. बस्सूमामांस,
सलाम वि. वि.

आज दादा शेजारी बसून मजकूर सांगतो आहे आणि मी लिहिते आहे. तो सांगतो की तुमच्या आज्ञेप्रमाणे सगळं केलं. (रंग आधी दिला. हे तो सांगत नाही, मी सांगते. लाल रंग कमी पडला म्हणून मागची फळी अजून हिरवी आहे.)

डिझेलच्या टाकीतून अर्धी बादली पाणी आणि गंज निघाला. फिल्टर नवा घातला. हवेच्या टाकीची चावी उघडली तर चहासारखं पाणी आलं, आता रोज सोडतो. दोन टायरांच्या कडांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, ते बदलले. नळ्या आम्ही दोघांनी वाकवून पाहिल्या. वरून एकही तडा नाही. तुम्ही हसाल, पण ट्रकखाली मला फार बरं वाटतं. तिथून फक्त माणसांचे पाय दिसतात आणि कुणी काम सांगत नाही.

ब्रेकचं पायडल दगडासारखं कडक आहे आणि ट्रकमधला ब्रेकच्या तेलाचा डबा काठोकाठ भरलेला आहे, असं दादा सांगतो. बाजाराच्या गावचा मेकॅनिक रह्हाल येऊन गेला. तो म्हणाला की इतक्या वर्षांचं आतलं रबर न उघडता कुणी खात्री देऊ नये, पण नवे भाग कासाब्लांकाहून यायला महिना लागेल. म्हणजे लग्न होऊन जाणार. दादा म्हणतो की रह्हालला काय, भाग विकायचे आहेत. ट्रकबद्दल तुमच्या शब्दापुढे त्याला दुसऱ्या कुणाचाही शब्द नको. तुम्ही जा म्हणालात तर जाईन, नको म्हणालात तर त्याच दिवशी चावी आईकडे देईन, असं त्याने आत्ता माझ्यासमोर मोहा औ-अलींनाही सांगितलं. ते चहाला आले आहेत. त्यांची दाढी माझ्या कागदावर यायला लागली आहे, म्हणून आवरतं घेते.

उत्तर २१ तारखेआधी पोचेल असं पाठवा. तुमची माया आमच्या पाठीशी असू द्या.

इत्तो
(आणि हद्दू, त्याने अंगठा उठवला आहे)


लांस
७ ऑक्टोबर १९७७

चि. हद्दू आणि चि. इत्तो यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं, लगेच उत्तर लिहितो.

हद्दू, तू इतकं सगळं केलंस याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आपल्या घराण्यात सांगितलेलं काम करणारा तू पहिलाच. रह्हाल म्हणतो त्यात तथ्य आहे. मी तिथे असतो तर आतलं रबर उघडूनच पाहिलं असतं. पण नळ्यांना तडा नाही, तेल नवं आणि पूर्ण, पायडल कडक, हे सगळं तुम्ही म्हणता तसं असेल तर एक फेरी व्हायला हरकत नाही. जा. खिंड पहिल्या गिअरमध्ये उतर, प्रत्येक वळणाआधी थांबून बघ, आणि माणसं चौतीसऐवजी पंचवीस घे. बाकीचे चालतील, त्यांचे पाय काही मोडत नाहीत.

फादमाला माझ्याकडून आहेर म्हणून साखरेचे दोन सुळके द्या. लग्नाला मी नाही याचं वाईट वाटतं. अकरा वर्षांत मी आपल्या खोऱ्यातलं एकही लग्न पाहिलेलं नाही.

सुखरूप पोचलात की कळवा. तोवर जीव टांगणीला.

तुमचा
बस्सूमामा


अग्रद
२४ ऑक्टोबर १९७७

ती. बस्सूमामांस,
सलाम वि. वि.

मामा, हे पत्र मी एकटी लिहिते आहे. कुणाला माहीत नाही. आधी हे सांगते की सगळे सुखरूप आहेत. आता बसून वाचा.

तुमचं पत्र बुधवारी, १९ तारखेला आलं. त्याच दिवशी सकाळी आईने लग्नासाठी तेलाचा राखीव रांजण उघडला आणि ओरडायला लागली. घाण्यावरून आणलेलं ऑलिव्हचं तेल दोन बाटल्यांनी कमी. मला वाटलं दादाने कुणाला दिलं. विचारलं तर तो हसत म्हणाला की ब्रेकचा डबा अर्धा रिकामा होता, ब्रेकचं तेल बाजारात मिळालं नाही, म्हणून आपलं भरलं. शुद्ध आहे, पहिल्या घाण्याचं आहे, आपण खातो तेच ट्रकला दिलं, याहून चांगलं काय. मामा, हे त्याने मी तुम्हांला मागचं पत्र लिहिण्याआधीच करून ठेवलं होतं. डबा काठोकाठ आहे हे खरंच होतं. मी डब्यात डोकावले नाही. डोळे चांगले आहेत म्हणे माझे.

मी त्याला तुमचं वाक्य आठवून सांगितलं की दुसरं तेल गेलं तर रबर सडतं. तो म्हणाला, ते इंजिनचं तेल म्हणाले असतील, खायच्या तेलाने काय होतंय, पायडल बघ कसं कडक आहे. मी म्हटलं, जाऊ नकोस. तर म्हणाला, की तू पत्रं वाच, ट्रक मी बघतो. आईनेही मलाच गप्प केलं, शुभकार्याच्या आधी असं बोलू नये म्हणून.

आणि दुपारी तुमचं पत्र आलं. अंगणात मोहा औ-अली, फादमाचे दोन भाऊ, आई, दादा, सगळे बसले होते. मी फोडलं. तुम्ही लिहिलं होतं, जा. मी ते वाचलं. आधी मनात वाचलं, मग तोंडाने दुसरंच वाचलं. मी वाचलं की हद्दू, तू जायचं नाही. आतलं रबर उघडून पाहिल्याशिवाय त्या ट्रकमध्ये माणूस चढवलास तर मी तुझं तोंड पाहणार नाही. माझा आवाज कापत होता, पण त्यांना वाटलं तुमच्या रागामुळे कापतो आहे.

दादाने चावी आईपुढे टाकली. मोहा औ-अली म्हणाले की छान, आता या ट्रकमध्ये कोंबड्यांची खुराडी करा. वरात खेचरांवरून निघाली. दादाने स्वतः फादमाच्या खेचराची दोरी धरली आणि सगळी खिंड पायी ओलांडली, मान खाली घालून. पलीकडचे लोक दुपारपासून वाट पाहत होते, वरात दिवस मावळताना पोचली. नवऱ्याच्या मामाने विचारलं की ट्रक येणार होता ना, की तोही माहेरीच राहिला. सगळे हसले. मी बायकांच्या घोळक्यात होते. त्या वेळी खरं सांगून टाकावं असं फार वाटलं.

काल रविवारी दादा परत आल्या आल्या ट्रकमध्ये चढला. मामांना दाखवतोच, म्हणाला. खळ्यावर, सपाट जागी, रिकामाच चालवला. एकदा ब्रेक लागला. दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्यांदा पायडल खालपर्यंत गेलं, आणि ट्रक खळ्याची भिंत पाडून पेंढ्यात घुसला. दादाला काही झालं नाही. पेंढा डोक्यावर घेऊन तो खाली उतरला आणि खिंडीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. त्या उतारावर सतरा वळणं आहेत. आज रह्हालने उघडलं तेव्हा आतल्या रबरी वाट्या भिजवलेल्या पावासारख्या हातात तुटून आल्या.

आता गावभर तुमचंच नाव आहे. मोहा औ-अली स्वतः येऊन दादाचा खांदा धरून रडले. दादा म्हणतो, माझा मामा समुद्रापलीकडे बसून रबर पाहतो. शुक्रवारी तुमच्या नावाने मेंढा कापणार आहे.

मामा, मला तो मेंढा गिळवणार नाही. पण तुम्ही कुणाला सांगू नका, पाया पडते. अकरा घरांची पत्रं माझ्या हातात येतात. माझा नवरा काय म्हणतो, माझा मुलगा कधी येणार, हे बायका माझ्या तोंडून ऐकतात. मी एकदा खोटं वाचलं हे कळलं तर त्यांनी आजवरच्या कुठल्या पत्रावर विश्वास ठेवायचा? तुमचं नाव तुमच्याकडेच राहू द्या. मला रागवायचं असेल तर मला रागवा.

माया कमी करू नका.

इत्तो


लांस
४ नोव्हेंबर १९७७

चि. हद्दू यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आणि माझ्या बहिणीसाठी आहे. दार लावून घ्या. इत्तो, तू हे वाचणार आहेस. मी लिहिलंय तेच वाच, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मध्ये रडू आलं तर थांब, पण गाळू नकोस.

हद्दू, तू माझ्या नावाने मेंढा कापलास. त्यावर माझा हक्क नाही. त्या बुधवारी इत्तोने जे वाचलं ते मी लिहिलेलं नव्हतं. मी जा म्हणून लिहिलं होतं. ते पत्र घरात असेल तर तिच्याकडून पुन्हा वाचून घे. तेलाचं मला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. तिने तुला सांगितलं, तू ऐकलं नाहीस, आईने ऐकलं नाही. मग तिने माझा आवाज उसना घेतला, कारण तिच्या स्वतःच्या आवाजाला तुमच्या घरात किंमत नव्हती.

आता माझं सांगतो. रह्हाल बरोबर बोलला होता हे मला त्याच दिवशी माहीत होतं. न उघडलेल्या ब्रेकवर मी सैन्यात कधी सही केली नसती. पण तू इतक्या विश्वासाने विचारलंस, आणि अकरा वर्षं दूर राहिलेल्या मामाला एकदा हो म्हणून सगळ्यांचा लाडका व्हायचं होतं. त्या हो मध्ये पंचवीस माणसं होती. त्यानंतर मी नीट झोपलेलो नाही, आणि तुमचे चेहरेसुद्धा मला आता नीट आठवत नाहीत याची लाज वाटते.

इत्तोने मला गप्प राहायला विनवलं आहे. मी तिचं ऐकत नाही. घराबाहेर हे जाऊ नये, त्यात तिचं म्हणणं खरं आहे, बायकांचा विश्वास मोडू नये. आणि इत्तो, पुन्हा कधीही कुणाचं पत्र बदलायचं नाही. माझंही नाही. पण घरात तरी माणसाला कळलं पाहिजे की आपला जीव कुणी वाचवला. तिच्यावर ओरडायचं असेल तर आधी खिंडीत जाऊन ये, सतरा वळणं मोज आणि मग ओरड.

वर्ष संपताना मला रजा मिळते आहे. मी येतो.

सर्वांना मनापासून जवळ घेतो.

बस्सूमामा


अग्रद
१९ नोव्हेंबर १९७७

ती. बस्सूमामांस,
सलाम वि. वि.

वाचलं. सगळं वाचलं. दोनदा थांबले, गाळलं काही नाही.

आईने तोंडाला पदर लावला आणि नंतर उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी मी तापाने फणफणले की ती असं करायची.  दादाने तुमचं ते जुनं पत्र मागितलं. मी दिलं. त्याला वाचता येत नाही, तरी बराच वेळ हातात धरून बसला. तुम्ही कुठे जा लिहिलं आहे ते मला बोट ठेवून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मग तो बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं.

कासाब्लांकाहून भाग आले ते रह्हालने बसवून दिले. दोन दिवसांनी नळ्यांमधली हवा पुन्हा एकदा काढा, असं सांगून तो गेला. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकापाशी चावी उघडायची, हवा गेली की बंद करायची. खालचा सोड म्हणेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा पुन्हा आत शिरते. काल दादाने चार शेजारी सोडून मला हाक मारली. वर बस, म्हणाला.

मी बसले. तो खाली. दाब म्हणाला की दाबायचं, सोड म्हणाला की सोडायचं. एक चाक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला दाब म्हणाला आणि बराच वेळ सोड म्हणेना. मला वाटलं चावी अडकली. मग खालून त्याचा आवाज आला. तो म्हणाला की इत्तो, पुढच्या वेळी मामाचं नाव घेऊ नकोस. तू तुझ्या नावाने नाही म्हण. मी थांबेन.

मामा, पायाखाली पायडल होतं आणि तो सोड म्हणाला नव्हता. मी पाय तसाच दाबून धरला.

लवकर या. बाकी सगळं समोर बसून सांगेन, तोवर आठवण काढत राहा.

तुमची
इत्तो